बसव्वाच्या नावाचा बंब

"दानी, ये गं माझी बाय, पाणी तापलं..."

मित्रांनो, ही हाक फार जुनी आहे. जिनं ती मारली तिची माती झाली. हाक मात्र माझ्या पोटात राहिली. मी तांब्याचा बंब. आता कड्या सैल झाल्यात, तोटी गळते. तरी मधल्या नळकांड्यात वारा शिरला की मी घुमतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आत कोणी बाई आहे.

सोलापुरातल्या एका तांबटानं मला घडवलं. ठोके खाऊन खाऊन माझं पोट गोल झालं. भवानी पेठेतल्या बसव्वाच्या लग्नात तिच्या बापानं मला आंदण दिलं, आणि रीतीप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी माझ्या पोटावर लेकीचं नाव घातलं. ते टोचताना दुखलं, पण मी मिरवलो. बसव्वा पहाटे माझ्यात गोवऱ्या पेटवायची. पाणी गुणगुणायला लागलं की तीही गुणगुणायची, आणि मग आपल्या तान्ह्या लेकीला, दानम्माला, हाक मारायची. शेजारणी म्हणायच्या, "बसव्वा, तुझ्या बंबाचं पाणी लई मऊ गं!"

मग गावात मानमोडीच्या तापाची साथ आली. आधी बसव्वाचा नवरा गेला, पाठोपाठ ती पडली. लेकराला ताप लागू नये म्हणून बसव्वाच्या धाकट्या बहिणीनं, ईरम्मानं, त्याला पलीकडच्या खोलीत घट्ट धरून ठेवलं. इकडे बसव्वा थंडीनं कुडकुडत मला बिलगली. माझ्या नळकांड्याशी तोंड नेऊन हाका मारत राहिली. भिंतीपलीकडे लेकरू रडत होतं. दार काही उघडलं नाही. हळूहळू मी निवलो. तीही निवली.

ईरम्माला मूलबाळ नव्हतं. तिनं दानम्माला पदराखाली घेतलं, भवानी पेठ सोडली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केलं. तिथं दानम्मा तिचीच लेक झाली. "अव्वा, अव्वा" करत तिच्या मागं फिरू लागली. खरं काय ते ठाऊक असलेले दोघंच होते, ईरम्मा आणि मी.

म्हणून ती मला घासायची. चिंच, राख, विटेची भुकटी. सगळ्या अंगाला एक हात, नावाला दहा हात. नाव फिकं झालं, पण ठिपके खोल गेलेले. मी मात्र नव्यासारखा लखलखू लागलो. दानम्माला अक्षर येत नव्हतं. ती त्या ठिपक्यांना नक्षी समजायची आणि त्यांवरून बोट फिरवत बसायची.

पाणी उकळीला आलं की मी घुमायचो. पोर खेळ टाकून उभी राहायची.

"अव्वा, मला कोन बोलावतंय?"

"कुनी न्हाय. बंबाच्या हाकंला ओ द्यायची न्हाय, सांगून ठेवते. ओ दिली की घिऊन जाती."

"कोन घिऊन जाती?"

ईरम्मा माझ्या विस्तवावर पाणी ओतायची.

पुढं तिनं मला पेटवणंच सोडलं. कोपऱ्यात पालथा पडून माझ्या पोटात कोळ्यांनी घरं केली. घासणं तेवढं चुकलं नाही. पण दानम्माचं लग्न नळदुर्गला ठरलं आणि पोर हटून बसली, "बंब येनार नसंल तर मी बी जानार न्हाय." ईरम्माचा इलाज चालला नाही. मी गाडीत चढलो.

नळदुर्गच्या वाटेवर निजामाची हद्द लागायची. तिथं करोडगिरीचा नाका होता. हद्दीपलीकडे जाणाऱ्या मालावर जकात घेत. आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. बाभळीचं पान हलत नव्हतं. रुमी टोपीवाल्या नाकेदारानं गोधड्या पाहिल्या, पाटा पाहिला, सोडून दिला. माझ्यापाशी थांबला.

"हा तर नवा कोरा. याची जकात पडेल."

"नवा कसला, सायेब? घरचा हाय, लई जुना," ईरम्मा म्हणाली.

गाडीवान गुरुबसप्पा म्हणाला, "नव्याची तोटी अशी लोंबती व्हय, सायेब? त्याच्यापरास माजी बैलं तरणी हायती की!"

नाकेदार हसला. वाकून त्यानं माझ्या पोटावरून बोट फिरवलं. "इथं नाव आहे. ब... स... व्वा. वापरातलं घरसामान माफ असतं, बाई, पण ज्याचं त्यानं आणलं तर. दुसऱ्याचं असेल तर तो माल झाला. तुमच्यात बसव्वा कोण?"

दानम्मा चपापली. तिची नक्षी बोलली होती.

जकात भरण्याची त्यांची ऐपत नव्हती. भरली नाही तर मी नाक्यावरच राहणार होतो. गुरुबसप्पा कुजबुजला, "ईरम्माक्का, मीच म्हना की. हितं कोन वळखतंय तुमाला?"

ईरम्माचे ओठ हलले. "मी... मीच..."

आणि मी घुमलो.

मित्रांनो, माझ्यात विस्तव नव्हता, पाणी नव्हतं, वारा तर नव्हताच. बैलांनी कान टवकारले. त्यांच्या गळ्यातली घुंगरं गप्प झाली. माझ्या तळातून ती हाक वर आली, तशीच कुडकुडत.

"दानी..."

"ओ," दानम्मा म्हणाली.

ईरम्मानं झेप घेऊन तिला कवटाळलं, जणू कोणी पोरीला दुसऱ्या बाजूनं ओढत होतं. कोणी ओढलं नाही. ऊन तसंच भगभगत राहिलं. फक्त माझ्या कोरड्या तोटीतून एक थेंब धुळीत पडला.

नाकेदाराचा आवाज खाली आला. "बसव्वा नसेल, तर तिच्या पोटचं कोणी आहे का गाडीत? तिच्या लेकराचं ते घरचंच सामान."

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना घासा, कल्हई करा, पालथं टाकून विसरू नका. पण आमच्या पोटावरचं नाव घासू नका. त्या नावाचं माणूस कुठंतरी ताटकळत उभं असतं.

ईरम्मानं दानम्माचा हात धरला आणि ज्या ठिपक्यांवर तिनं इतकी वर्षं राख घासली, त्यांवर तो नेऊन ठेवला. तांबं उन्हानं पोळत असायला हवं होतं. ते गार होतं.

"दाने, ही तुजी आई. बसव्वा, माजी अक्का. मी मावशी हाय गं तुजी," ती म्हणाली. "जाताना तिनं लई हाका मारल्या तुला. तू जायला रडत हुतीस. मीच धरून ठिवलं, जाऊ दिलं न्हाय."