गुणाजी मेला, रामकिशन ऱ्हायला

बसा, घ्या टेकून भिताडाला. तुम्हाला एका भुताची गोष्ट ऐकवतो. भ्यायचं काम न्हाई, कारण ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त भ्यालेला गडी म्हणजे ते भूतच हाय.

भुताचं नाव रामकिशन. राहणार नांदेड. रेल्वेच्या हापिसात शिपाई म्हणून सारी जिंदगी काढली आन् रिटायर झाला. अंगानं दांडगा. आवाज असा, की भीमजयंतीच्या जलशात माईक बंद पडला तरी मागच्या लोकांना पत्ता लागायचा न्हाई. त्या आवाजावरच मुंबईची मालिकावाली माणसं भाळली. लातूरकडं एका जुन्या बारवेवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, त्यांचं शूटिंग व्हायचं होतं. मालिकेचं नाव ‘बारवेचा धनी’. गुणाजी नावाच्या माणसाला गावानं सोन्याच्या हंड्यापायी बारवेत ढकललं, आन् आता त्याचं भूत कुणाला पाणी घेऊ देत न्हाई, अशी एकंदर भानगड. रामकिशनला गुणाजी केला. तोंडाला चिखल फासायचा, डोक्याला केसाचा टोप, अंगावर दोन बादल्या पाणी, आन् येक येक पायरी चढत खर्जात म्हणायचं, “वर कोण हाय?” बास. येवढंच काम. पण येवढ्यावर नायगावापासून जळकोटापर्यंत पोरंसोरं अंथरूण वलं करायला लागली.

घरात बायकोनं, चांगुणाबाईनं, त्याला सुखानं घास खाऊ दिला न्हाई.

“बाबासाहेबांनी सांगितलं, भूत न्हाई, खेत न्हाई. साऱ्या समाजानं ऐकलं. आन् माझाच नवरा भूत होऊन बसला!”

“आगं, काम हाय ते. पगार देतेत.”

“मग पगारापुरते व्हा की. घरात कशाला खाकरायलाव तसं?”

रामकिशनची थोरली बहीण विठाबाई जळकोटला. तिला तर कुणी सांगितलंच न्हाई. विहारात पहिल्या रांगेत बसणारी बाई ती. वंदना चुकली तर भंतेजींना टोकणारी. तिला येवढंच मालूम, की भाऊ रिटायर झाल्यावर लातूरकडं कुठल्याशा कंपनीत कामाला जातो.

बायकोचे टोमणे रामकिशननं हसून घालवले असते. पण खरं दुखणं वेगळंच होतं. पोरगा अश्वजित, त्याची पोरगी महामाया, रामकिशनची नात. चार वर्साची. रामकिशनच्या पोटावर झोपायची, त्याच्या ताटात जेवायची, त्याच्या चपला घालून अंगणात फिरायची. अश्वजितला बापाचं लई कौतुक. मालिकेचा पहिला भाग लागला तसं पोरीला उचलून टीव्हीपुढं धरलं, “बघ मायू, कोण आलं? आबा हाय आबा!”

आन् टीव्हीतून आबा वर आला.

पोरीनं किंकाळी फोडली ती फोडली. तवापासून आबाच्या जवळ न्हाई. पाच-सहा महिने झाले. मनीषानं, तिच्या मायनं, “जा, आबाला पाणी दे” म्हणलं तर पेला आणायची, तीन हात लांब फरशीवर ठिवायची आन् पळायची. आबा त्या पेल्याकडं बघत बसायचा.  टोप काढून दाखवला, चिखल कसा लावतेत ते दाखवलं, बर्फी आणली. पोरगी बर्फी घ्यायची, ती बी चांगुणाच्या हातून.

म्हणून शेवटचा भाग जाहीर झाला तसं रामकिशननं मनाशी ठरवलं. ह्यात गुणाजी मरतोय, कायमचा मरतोय. हे पोरीला दाखवायचं. भूत मेलेलं बघितलं की आबा परत मिळंल.

चांगुणा म्हणली, “येकदा दाखवलं तर सहा महिने भोगलं. आता परत दाखवून काय पोरीला घराबाहेर काढता?”

“आन् न्हाई दाखवलं तर? ती मोठी होईस्तोवर मी तीन हात लांबूनच पाणी पिऊ?”

चांगुणानं पदर खोचला आन् चुलीकडं वळली. तिला बी ते बघवत न्हव्हतं.

रविवारी संध्याकाळी महाएपिसोड. सारी गल्ली रामकिशनच्या बैठकीत. शेजारचे रेणुकादास गुरुजी, रिटायर हेडमास्तर, घरची खुर्ची घेऊन आले, कारण त्यांना सतरंजीवर बसवत न्हाई. “रामकिशनराव,” ते म्हणले, “शेवट आधी सांगू नका हं. फक्त येवढं सांगा, हंड्याचं काय होतं?”

“गुरुजी, मला माझ्या पायऱ्यांपुरतंच सांगतेत. हंड्याचं मलाच मालूम न्हाई.”

टीव्ही लागला. महामाया मायच्या पदराआड, येक डोळा बाहेर. रामकिशनचं टीव्हीकडं ध्यानच न्हाई, त्याचं सारं ध्यान त्या एका डोळ्याकडं. तिकडं गुणाजी वर येऊन राहिला. गावची येक म्हातारी न भेता बारवेत उतरली, ओंजळ भरली, आन् त्याच्या तोंडापुढं पाणी पिली. म्हणली, “पाण्याला धनी नसतो, बाबा.” मग तिच्यामागं सारं गाव उतरलं. गुणाजीचा चिखल धुतला गेला, अंग ढिलं झालं, डोळे मिटले. मग बारवेच्या काठावर त्याचा देह, पांढरी चादर, रामकिशनचाच हार घातलेला फोटू, बायांचं रडणं. संपलं.

दोन बाया खरंच डोळे पुसत होत्या. मागून येक जण म्हणला, “सुटलो बाबा! उद्यापासून आमची म्हातारी रातच्याला येकटी संडासला तरी जाईल.” सारे हसले.

गुरुजी मात्र खुर्चीतून उठलेच न्हाईत. “पण हंडा? इतके महिने आम्ही काय बघितलं मग? हंडा कुठंय?”

रामकिशननं पदराकडं बघितलं. महामाया झोपली होती. कवा झोपली ते कुणालाच कळलं न्हाई. भूत मरायच्या आधी का नंतर, ते बी न्हाई.  गल्ली पाठ थोपटून राहिली, “वा रामकिशन, काय मेलास, वा!” आन् ह्याच्या डोळ्यापुढं तो फरशीवरचा पेला.

तेवढ्यात फोन सुरू झाले. कुणी तरी त्याचा नंबर वाटलाच होता. देगलूरहून एक जण: “गुणाजीदादा, तुम्हाला मारायचं न्हव्हतं त्यांनी, अन्याय झाला.” उदगीरहून एक जण: “बरं झालं मेलात. आता बायको सीरियल सोडून भाकर थापंल.” एकानं नुसतं “वर कोण हाय?” म्हणून फोन आपटला. आन् दर दुसरा माणूस: “हंडा कुणाला गेला?” शेवटी अश्वजित कातावला. बापाचा, आपला, मनीषाचा, तिन्ही फोन बंद करून टाकले. “झोपा आता. भूत मेलंय, माणसांना तर जगू द्या.”

सकाळी रामकिशन अंगणात दात घासत होता. गल्लीच्या तोंडाला ऑटो थांबला, आन् रडण्याचा आवाज आला.

“माझ्या भावाऽऽ रं! माझ्या पाठच्या वाघाऽऽ! आक्काला न सांगता कसा गेलास रंऽऽ!”

गल्लीतली दारं धडाधड उघडली. आवाज आक्काचा, जळकोटच्या विठाबाईचा. रामकिशनला घाम फुटला. आपल्या घरात कोण गेलं? त्यानं घाईनं घरात बघितलं, चांगुणा चुलीपाशी, मनीषा न्हाणीत, अश्वजित घोरतोय, पोरगी झोपलेली. मग चूळ भरायचं बी सुचलं न्हाई. तसाच बनियनवर, तोंडाला पांढरा फेस, हातात ब्रश, दारात गेला.

विठाबाईच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. मान वर केली, आन् समोर तो.

“आयोव!” गाठोडं खाली, आन् म्हातारी मटकन बसली. “जवळ येऊ नको! रामा, जवळ येऊ नको!”

“आक्का, आगं मी...” फेस उडाला.

“बुद्धं सरणं... बुद्धं सरणं गच्छामि...” म्हातारी पुढचं विसरली. “पाय! आधी पाय दाव! सरळ हायत का उलटे?”

आता झालं असं होतं. विठाबाई काल मीठ आणायला गुरुबसप्पाच्या दुकानात गेली. तिथं टीव्ही चालू. टीव्हीत तिचा भाऊ, पांढऱ्या चादरीत. हार घातलेला फोटू. बाया रडत्यात. बाईनं मालिका जन्मात बघितली न्हाई, तिच्यासाठी टीव्ही म्हणजे बातम्या. मीठ तिथंच टाकलं, कुणाचं ऐकायला थांबली न्हाई. घरी येऊन, काय झालं ते न सांगता, नातवाकडून भावाला फोन लावून घेतला, बंद. भाच्याला लावला, बंद. भाचेसुनेला लावला, तो बी बंद. मग काय राहिलं? मरणाच्या घरात चूल पेटत न्हाई, सोयऱ्यानं कडू घास न्यायचा असतो. पहाटं उठून रडत रडत भाकरी थापल्या, पिठलं केलं, आन् पहिली यष्टी धरली.

पण हे सारं मागून कळलं. त्या घडीला गल्ली उभी, गुरुजी लुंगीवर उभे, आन् म्हातारी पायाकडं बोट करून ओरडतीया. रामकिशनला हसावं का रडावं कळंना. तो बी येडा, खरंच आपल्या पायाकडं बघायला लागला.

तवा त्याच्या मांडीला कसला तरी धक्का लागला. महामाया. केसाच्या झिपऱ्या, अर्ध्या झोपेत. ती त्याच्या आन् दाराच्या फटीतून बाहेर आली, त्याच्या पायापाशी उकिडवी बसली. जवळ. येकदम जवळ. रामकिशननं श्वास धरून ठिवला. हलला असता तर पोरगी पळाली असती. पोरीनं आधी उजवा अंगठा दाबून बघितला, मग डावा. टाचा बघितल्या. मग रडणाऱ्या म्हातारीकडं वळली, आन् मनीषा तिला जसं दटावते तसंच दटावलं:

“सरळ हायत. रडू नगंस. भूत काल मेलं. पाण्यात मेलं, म्या बघितलं. ह्यो आबा हाय.”

म्हणजे पोरगी झोपली ती भूत मेल्यावरच!

म्हातारीनं नाक वढलं. “खरं?”

“हाव. हात लाव की. चावत न्हाई.” आन् तिनं आबाचा अंगठा मुठीत धरून दाखवला. सहा महिने जी पोरगी तीन हात लांब होती, तिला जगात आपल्याहून जास्त भ्यालेलं माणूस सापडलं होतं. त्याला धीर द्यायचा म्हणल्यावर आपण कसं भ्यायचं?

रामकिशनच्या डोळ्यातून पाणी आन् तोंडातून फेस, दोन्ही येकदमच. ब्रश पडला. त्यानं पोरीला उचललं तर ती म्हणली, “आबा, आधी तोंड धू. बनियन खराब झालं.”

मग विठाबाई उठली. जिता हाय म्हणल्यावर रडणं गेलं आन् राग आला. भावाच्या पाठीत असा धपाटा घातला, की सारी गल्ली म्हणली, हाव, जिताच हाय.

“भूत झालास? आपल्या घरात भूत? आन् मला कंपनी म्हणून सांगितलास?”

“आक्का, सोड. चुकलं. मेलो आता, परत न्हाई होणार.”

“मेलो म्हणू नको!” आणखी येक धपाटा.

गाठोड्याचं काय करायचं, हा पेच पडला. चांगुणा म्हणली, “कडू घास जित्या माणसाच्या घरात खात्यात का?” गुरुजी म्हणले, “रीतीप्रमाणे योग्य न्हाई.” विठाबाईनं दोघांकडं बघितलं. “मी पहाटं उठून थापल्यात. ह्याच्यासाठीच थापल्यात. मग ह्यो खाईल, न्हाईतर मी पुन्हा रडंन.”

झालं. गाठोडं सोडलं. पिठलं गार झालं होतं, पण लसणाचा वास गल्लीभर. रामकिशन ताटावर बसला, आन् महामाया कुणी न सांगता त्याच्या मांडीवर. तिनं आबाच्या ताटातली भाकर मोडली. पहिला घास आपल्या तोंडात, दुसरा आबाच्या. रामकिशननं तिसऱ्या घासासाठी आपणहून तोंड पुढं केलं. चांगुणा पाठमोरी होऊन उगंच चुलीत फुंकत बसली. गुरुजींनी बी येक भाकर उचलली. “चव उत्तम आहे,” म्हणले, “पण हंड्याचं...” विठाबाईनं बघितलं तसा घास तोंडात कोंबला.

दुपारी फोन चालू केले. पहिलाच फोन मालिकावाल्यांचा. लोकांना शेवट आवडला न्हाई म्हणे, हंड्यावरून लई शिव्या आल्या, मालिकेचं दुसरं पर्व काढायचा इचार हाय, गुणाजी परत वर येऊ शकतो. रामकिशननं मांडीवर झोपलेल्या पोरीकडं बघितलं. “साहेब,” तो हळूच म्हणला, “गुणाजीच्या घरच्यांनी त्याला जाऊ दिलंय. आता त्याला उठवू नका.” आन् फोन ठिवला.

तरी ती माणसं पिच्छा सोडत न्हाईत, आजून फोन करून राहिलेत. तर तुम्ही शिकलेली, चार गावं हिंडणारी माणसं. तुमची तिकडं कुणाशी वळख असंल तर येवढा निरोप तेवढा पोचवा: रामकिशनला तलाठी करा, वकील करा, नवरीचा बाप करा, चोर केलात तरी चालंल. पण भूत करू नका. आन् अगदीच इलाज न्हाई, मारावंच लागलं, तर आधल्या दिशी जळकोटला विठाबाईला येक फोन लावा. लावताल न्हवं?