पाकिटाच्या तोंडावरची सही

इथे आल्यापासून चौदा महिने मी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. म्हणजे शेजारणीचं ऐकते, दूधवाल्याचंही ऐकते. पण खुर्ची जराशी तिरकी ठेवून, समोरच्याला घड्याळ दिसणार नाही अशा बेताने बसून ऐकणं, ते राहिलं. अकरा वर्षांचा माझा परवाना सरहद्दीपलीकडे चालतो, इथे नाही. इथल्या मंडळाचं म्हणणं, तुम्ही असाल मानसशास्त्रज्ञ, पण शिकाऊ असताना दोन हजार तास ज्यांच्या देखरेखीखाली काम केलंत, त्यांनीच तसं लिहून द्यावं. बंद पाकीट, तोंडावर आडवी सही. उघडलेलं दिसलं तर बाद.

माझं ते शिकाऊ काम माझ्या बाईंनी पाहिलं होतं. दोन वर्षं दर गुरुवारी मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. चुकलं की तिथल्या तिथे सांगायच्या. जमलं तर नुसतं पान उलटायच्या. मी या कामाची आहे की नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

पाकीट मंडळाकडे जायचं, ते बाईंनी माझ्या पत्त्यावर धाडलं. मी फोन केला.

"अगं, तुझ्याबद्दल लिहिलंय, म्हणून तुझाच पत्ता घातला," त्या म्हणाल्या. "म्हातारीचं डोकं! आता तूच नेऊन दे."

त्यानंतर नवव्या दिवशी त्यांच्या भाच्याचा फोन आला. बाई गेल्या. झोपेतच.

पाकीट मी देवापुढे ठेवलं. पहाटे प्रार्थनेला बसावं, तर मन देवाला ओलांडून पाकिटावरच जायचं.

"वाफ दाखव आणि वाच की," आमचे हे म्हणाले. "परत चिकटवू."

"आणि सही पसरली तर?"

"तर घरी बसून माझं डोकं तपास."

"त्याला दोन हजार तास पुरायचे नाहीत."

दोघंही हसलो. पण दुसऱ्या दिवशी चहाचं आधण उकळताना मी खरंच पाकीट वर धरलं. कागद बोटांखाली मऊ लागला, तशी झटक्यात हात मागे घेतला. बाईंचे शब्द हवे होते. ऐकायला बसायची ती तिरकी खुर्चीही हवी होती. आणि दुसरं पत्र लिहायला आता कोणी नव्हतं.

सोमवारी मंडळाच्या खिडकीवर पाकीट दिलं. कारकुनाने ते उजेडाकडे धरलं, सहीवरून अंगठा फिरवला, कात्रीने कड कापली, आतले कागद चाळले.

"झाला तुमचा अर्ज पुरा, ताई. महिन्याभरात परवाना येईल."

"दादा, ते मला एकदा वाचता..."

"नाही हो. अर्जदाराला दाखवत नाही. कधीच नाही."

"बरं. किती लिहिलंय, एवढं तरी?"

त्याने मागे पाहिलं, आवाज उतरवला. "चार कागद. पाठपोट. लोक चार ओळींवर भागवतात हो."

मग तो प्रत्येक पानावर शिक्का मारू लागला. मी काचेला कपाळ लागेपर्यंत वाकले. अक्षर उलटं होतं. शाई निळी होती, एवढंच कळलं.