ऊठ रे आळशा

होविता उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन परसात आली आणि मी भोपळ्याच्या वेलासमोर आडवी उभी राहिले.

"ताई, बाजूला हो. पाय भाजतील तुझे."

"आधी ऐकून तर घे."

"काय ऐकू? बिळं पाडून जमिनीची चाळण केलीय या माश्यांनी! गेल्या वर्षी मधपेटीतल्या माश्यांनी निकानोरचं काय केलं, विसरलीस?"

विसरेन कशी? तिचा नवरा तेव्हा मरता मरता वाचला. माझ्या धाकट्या बहिणीची भीती खोटी नव्हती, म्हणून तर तिच्यावर ओरडता येईना. पण ती बिळं आईच्या भोपळ्याखाली होती. आई मार्चमध्ये गेली, तिने राखलेलं बी आम्ही मेमध्ये लावलं. आमच्याकडे नोव्हेंबरात मृतांचा सण असतो, गेलेली माणसं त्या रात्री घरी येतात; तेव्हा आईपुढे याच वेलाचा भोपळा गुळात शिजवून ठेवायचा होता. आणि अजून एकही फळ धरलं नव्हतं. फुलाफुलांत पराग नेणाऱ्या या माश्या मेल्या असत्या तर नुसती फुलंच खात बसलो असतो.

"या पेटीतल्या नव्हेत गं. त्या उन्हं आल्यावर येतात, पायाला परागाच्या ओल्या गोळ्या लावून. या झुंजूमुंजूलाच फुलावर हजर. मागचे पाय केसाळ, कोरड्या परागाने पिठात घातल्यासारखे. आणि प्रत्येकीचं बीळ वेगळं. ना राणी, ना फौज. अंगावर कोण धावून येणार?"

"तुला विचारून डसतात वाटतं!"

"चिरडलीस तर डसेल. तू काय त्यांच्यावर बसणार आहेस?"

तिला हसू आलं, पण पातेलं काही खाली ठेवेना. दुपार झाली होती, सकाळची फुलं मिटली होती. मी त्यातलं एक तोडलं, हलकेच दाबलं आणि तिच्या कानाशी धरलं. आतून गुणगुण आली.

"अगं बाई! आत कोण?"

"नर. फूल मिटलं की दुसऱ्या पहाटेपर्यंत इथेच झोपतो. याला नांगीच नसते."

होविता हळूच म्हणाली, "ताई, आई फुलं तव्यावर टाकण्याआधी प्रत्येकावर टिचकी मारायची."

"आणि म्हणायची, 'ऊठ रे आळशा, तवा तापलाय.'"

आम्हाला वाटायचं, म्हातारीला चळ लागलाय, फुलांशी बोलते. ती तर पाहुण्याला उठवत होती! माझे डोळे भरून आले. एवढी शहाणी आई आम्हाला मिळाली होती.

होविताने पातेलं परत चुलीवर नेलं. त्या पाण्याची आम्ही कॉफी केली. गूळ जरा जास्तच पडला, पण दोघींनी भांडं निपटून प्यायली.

वेलाने त्या वर्षी आमची लाज राखली. नोव्हेंबरात आईच्या तसबिरीपुढे पहिला भोपळा ठेवला, पाक अजून वाफाळत होता. होविताने तसबिरीच्या काचेवर नखाने टिचकी मारली.

"ऊठ गं आई," ती म्हणाली, "तवा तापलाय."