आवाज न चढवणारं घर

रेडिओनं लग्नाला होकार दिला, की तिच्या मोठ्या काकांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. साहेबांचा पुतण्या घरचा जावई होणार, म्हणजे विमा कचेरीतल्या साहेबांच्या खोलीचं दार न ठोठावता उघडता येणार. मायलेकींच्या मागच्या खोलीत एकच माणूस उरणार, आणि एका माणसाला स्वयंपाकघराचा कोपराही पुरतो. म्हणजे खोली मुलाच्या अभ्यासाला मिळणार. शिवाय वारलेल्या भावाची मुलगी मार्गी लावली म्हणून चार लोक नाव काढणार. गमावण्यासारखं काही नव्हतं. मुलगी काही त्यांची नव्हती.

ती सकाळी उठली की सुरू व्हायची आणि दिवा मालवेपर्यंत बंद व्हायची नाही, म्हणून घरानं तिला ठेवलेलं नाव रेडिओ. वय पंधरा, दहावीची परीक्षा तोंडावर. आई, म्हणजे घरची धाकटी सून, शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला जायची.

या घराला एका गोष्टीचा फार अभिमान. "आमच्याकडे कुणी कुणावर आवाज चढवत नाही हो!" आणि ते खरंच होतं. कुणी मनाविरुद्ध वागलं, की घर फक्त त्याच्याशी बोलणं थांबवायचं. ताट वाढलं जायचं, धुतलेले कपडे मिळायचे, शब्द तेवढा मिळायचा नाही. धाकटीनं नवरा गेल्यावर कुणाला न विचारता नोकरी धरली, त्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोललेलं नव्हतं. सगळे निरोप रेडिओमार्फत. "आईला सांग, दूध उतू जातंय." आई दुधापासून दोन हातांवर उभी असायची.

अशा घरात एका साध्या सकाळी, चहा पिता पिता काका म्हणाले, "काय रेडिओ, लग्न परीक्षेआधी उरकायचं की नंतर? तू म्हणशील तसं."

विम्याचा धंदा त्यांनी असाच वाढवला होता. घेणार का, असं गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही. सकाळी येऊ की संध्याकाळी, एवढंच विचारायचं.

रेडिओला हसू आलं. "काका, मला लग्नच नाही करायचं! पुढे शिकायचंय मला."

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

संध्याकाळी तिनं शाळेतला किस्सा सांगितला. मास्तर चष्मा डोक्यावर ठेवून वर्गभर चष्मा शोधत होते. काकू कढई घासत राहिली. आजीनं कूस बदलली. चुलत भावाला हसू फुटलं होतं, पण त्यानं काकूकडे पाहिलं आणि ते पाण्याबरोबर गिळून टाकलं.

मग ती या खोलीतून त्या खोलीत माणसांच्या मागे फिरू लागली. एकदा तिनं मुद्दाम पाण्याचा तांब्या लवंडला. निदान रागावतील तरी! काकूनं मुकाट्यानं फडकं आणलं आणि फरशी पुसली.

"मी आहे ना बोलायला," आई म्हणाली.

"तू दिवसभर कारखान्यात असतेस. आणि तुझ्याशी बोललं की आजी तोंड फिरवते."

रेडिओ पुरती गप्प झाली, तेव्हा घरानं तोंड उघडलं. आजी तिचे केस विंचरता विंचरता म्हणाली, "सगळे किती जीव लावतात तुला." काकू कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "सगळे जीव लावतात गं तुला." चुलत भावानंही तेच वाक्य म्हटलं, जरा अडखळत, पाठ केलेल्या धड्यासारखं. तीन खोल्यांत तीन माणसं एकच सांगतात म्हटल्यावर मुलीला वाटलं, चुकतंय ते आपलंच. वाक्य जेवणाच्या टेबलावर आधीच ठरलं होतं, हे तिला कोण सांगणार?

"परीक्षेनंतर चालेल," ती म्हणाली.

घर एकदम बोलू लागलं. काकूनं तिला जवळ ओढलं. "तो मास्तरांच्या चष्म्याचा किस्सा सांग ना परत!" आणि या वेळी सगळे पोट धरून हसले.

आईनं विचारलं, "खरंच हवंय तुला हे?"

"आई, तू काही बोलू नकोस ना. आता कुठे सगळे बोलायला लागलेत."

रविवारी साहेब आले, सोबत त्यांची बहीण, मुलाची आत्या. आत्यानं चहाचा कप हातात घेऊन विचारलं, "मनाविरुद्ध नको हं आम्हाला काही. तुला पसंत आहे ना बाळ?"

"अहो, आमच्याकडे आणि जबरदस्ती? तिनंच सांगितलंय," काका म्हणाले.

रेडिओनं होकारार्थी मान हलवली.

धाकटी दारात ट्रे घेऊन उभी होती. कारखान्यात यंत्रांच्या घरघरीवरून बोलायची सवय, आणि घरात बोलण्याची सवय गेलेली. त्यामुळे बोलली ती कारखान्यातल्याच आवाजात. खिडकीची काच थरथरली.

"ती नाही म्हणाली, तर उद्या या घरात तिच्याशी कोण बोलेल, तेवढं सांगा."

काका हसले आणि वळून म्हणाले, "रेडिओ, आईला सांग, आत जा म्हणावं."

आत्याचा कप हवेतच थांबला. "त्या तर इथेच उभ्या आहेत. तुम्हीच सांगा की."

काकांनी तोंड उघडलं. घरोघर फिरून लोकांना बोलण्यात गुंगवणारा माणूस, पण त्या एका बाईला उद्देशून शब्द फुटेना. आत्यानं काकूकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. दोघी चहाच्या किटलीकडे पाहत होत्या.

"कळलं," आत्या म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "ऊठ दादा."

आता हिशेब. साहेबांच्या पुतण्याला दुसरी मुलगी मिळाली. काकांना साहेबांचं दार अजून ठोठावावं लागतं, पण त्यानं हात काही दुखत नाही. आजी आणि काकू आजही सांगतात, आमच्याकडे कुणी आवाज चढवत नाही. रेडिओ परीक्षा पास झाली, अकरावीत गेली. घरानं तिच्याशी बोलणं पुन्हा थांबवलं, आणि ती आईशी बोलत नाही. हाती लागलेली बोलकी माणसं आईनं हिरावून घेतली, असं तिला वाटतं. आणि राग आला की काय करायचं, ते या घरानं तिला शिकवलेलंच आहे.

आपणही अभिमानानं सांगतो, मुलीला विचारूनच ठरवलं. ती नाही म्हणाली असती, तर दुसऱ्या दिवशी आपण तिच्याशी कसे वागलो असतो, ते मात्र सांगत नाही.

सगळ्यांच्या वाट्याचं धाकटी एकटी भरते आहे. संध्याकाळी ती मागच्या खोलीत येते, लेकीच्या पाठीशी बसते आणि बोलते. आज सुई मोडली. मुकादमाची छत्री कुणीतरी पळवली. शेजारच्या यंत्रावरची बाई माहेरी गेली. उत्तर येत नाही. ती थांबत नाही. आपण गप्प बसायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं आहे.

लेक पुस्तकात डोकं खुपसून असते. आई बोलत असते तोवर पान मात्र उलटत नाही.