दोन दिवस आधीची तारीख

टेलरबाईंना एक खोड होती. गिऱ्हाइकाला शुक्रवार सांगितला की स्वतःच्या कॅलेंडरवर त्या बुधवार लिहायच्या. मग मशीन बिघडो नाहीतर वीज जावो, कपडा वेळेवर जाणार म्हणजे जाणार! तीस वर्षं हाताला तेच वळण. म्हणून तर बुधवारी सकाळी सुनेला घेऊन त्या दवाखान्यात हजर झाल्या आणि काउंटरवरच्या बाईंनी वही बघून सांगितलं, "अहो, तुमची वेळ शुक्रवारची आहे."

सून बाकावर मटकन बसली. दोन जिने चढून तिला धाप लागली होती. "अहो आई, मी काय कुणाची पँट आहे, दोन दिवस आधी तयार ठेवायला?"

टेलरबाईंचा चेहरा एवढासा झाला. आयुष्यभर वक्तशीरपणा मिरवायचा आणि नेमकी इथंच माती खायची! पोरीचं हृदय आधीच अधू. "हे बाळंतपण हिच्या जिवावर बेतेल," असं हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्याच दिवशी टेलरबाईंनी अर्धवट शिवलेलं पिवळं झबलं मुकाट्यानं कपाटाच्या तळाशी सरकवलं. नातवंडाची हौस दांडगी होती, नाही कशाला म्हणा? पण सुनेचा जीव पणाला लावून? छे, काहीतरीच!

"चूक माझीच हो," त्या काउंटरवर म्हणाल्या. "शुक्रवारी परत येतो आम्ही."

"थांबा, थांबा!" बाईंनी फाइल उघडली. "तुम्हाला दोनदा फोन केला, लागलाच नाही."

नंबर मुलाचा दिलेला. तो ट्रक घेऊन कुठल्या घाटात होता, कोण जाणे.

"सोमवारपासून राज्याचा नवा कायदा लागू झालाय," बाई म्हणाल्या. "आधी तपासणी आणि सही. मग दोन दिवस थांबायचं, त्याआधी डॉक्टरांना काही करता येत नाही. आणि इथं गर्भपात फक्त बारा आठवड्यांपर्यंतच. पुढं गेलं की राजधानीतल्या समितीकडे अर्ज, त्यात महिना तरी जातो." त्यांनी बोटांवर मोजलं. "यांचे बारा आठवडे शनिवारी भरतात. तुम्ही शुक्रवारी पहिल्यांदा आला असतात तर दोन दिवस रविवारी भरले असते."

टेलरबाईंनी काउंटरची कड घट्ट धरली. महिना! दोन जिन्यांत धापा टाकणारी ही पोर, कागद फिरेपर्यंत महिनाभर थांबणार? कायदा करणाऱ्या मेल्यांनी एकदा तरी हिच्याशेजारी बसून हिचा श्वास ऐकायचा होता!

"आज करा तपासणी," त्या म्हणाल्या. "आत्ता करा."

सुनेनं सही केली. मग सासूचा हात धरला तो जिने उतरेपर्यंत सोडला नाही.

शुक्रवारी दुपारी सगळं सुखरूप पार पडलं. सून कुशीवर वळून रडायला लागली. "झबलं पाहिलं होतं मी, आई."

"वेडी कुठली! झबली काय, दुसऱ्यांच्या पोरांची शंभर शिवीन. पण मला असं तोंडावर बोलणारी सून परत कुठून आणू?" त्यांनी पदरानं तिचे डोळे पुसले.

तेवढ्यात डॉक्टरबाई डोकावल्या. "तेवीस तारखेला दाखवायला या हं."

टेलरबाईंनी पर्समधून पेन काढलं. पोरीला उगाच जिने चढायला लावायचे नाहीत, या खेपेला शहाणपणा नको. त्यांनी चिठ्ठीवर ठळक लिहिलं, तेवीस.

सुनेनं हात पुढं करून पेन मागून घेतलं. झोपल्या झोपल्याच तेवीस खोडलं आणि त्याखाली एकवीस लिहिलं.