इंगोले सरांचं पुस्तक

‘‘वाचलं, सर. दोनदा वाचलं. पण काय वाचलं ते इचारू नका,’’ संगिता पवार म्हणाली आणि तिने झेरॉक्सची पानं नेमसिंग राठोडच्या टेबलावर ठेवली.

दुपारचं प्रॅक्टिकल संपलं होतं. मुलं बीकर धुऊन पालथे घालत होती. हिंगोली जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते, कॉलेजातला एम.एस्सी. रसायनशास्त्राचा वर्ग तर त्याहूनही नवा होता. मुलं आसपासच्या खेड्यांतली, तांड्यांवरची. संगिता त्यांतली सगळ्यात चिवट. कळेपर्यंत सोडायची नाही.

‘‘इंग्रजीची तकलीफ हाय का?’’ नेमसिंगने विचारलं.

‘‘न्हाई सर. शब्द समदे सापडले. एकेक वाक्य सुटं सुटं कळून राहिलं. पण पान संपलं की हातात काहीच न्हाई.’’ ती थांबली. बोलावं की नको, असं तिला झालं असावं. ‘‘राग नका मानू. कोण लिवलंय मला माहीत न्हाई. पण हे पुस्तक आमच्याशी बोलून नाही राहिलं. आमच्या मागं दुसरं कोणीतरी उभं हाय, त्याच्याशी बोलून राहिलंय.’’

बाकीची मुलं हसली. नेमसिंग हसला नाही. लेखकाच्या नावाचं पान त्याने आधीच काढून आपल्या बॅगेत ठेवलं होतं. त्या पानावर नाव होतं प्रा. रामकिशन इंगोले.

नांदेडच्या एका प्रकाशकाने हे हस्तलिखित त्याच्याकडे अभिप्रायासाठी पाठवलं होतं. एम.एस्सी.च्या मुलांसाठी प्रगत सेंद्रिय रसायनशास्त्राचं इंग्रजी पुस्तक. अभिप्राय देणाऱ्याचं नाव गुप्त राहील, असं प्रकाशकाने कळवलं होतं. मजकूर अचूक आहे का? हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर नेमसिंगने बेधडक लिहिलं. सरांच्या हातून चुकीचं समीकरण उतरणं शक्यच नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी योग्य आहे का? हा दुसरा प्रश्न, आणि तिथे त्याचं पेन अडलं होतं.

कारण आज तो या टेबलाच्या अलीकडे बसला होता तो इंगोले सरांमुळेच.

नेमसिंग कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारा, मराठी शाळेत शिकलेला. बारावी झाल्यावर वसमतला बी.एस्सी.ला गेला आणि तिथे इंग्रजीच्या भिंतीवर डोकं आपटून पहिल्याच वर्षी नापास झाला. कोणाला काही न सांगता परत आला. त्याचे वडील भावसिंग त्या साली ऊसतोडीला निघणार होते. नेमसिंगनेही कोयता घासून ठेवला. निघायच्या आदल्या दिवशी एक धोतरातला माणूस नाक्यावर एस.टी.तून उतरून उन्हात चालत तांड्यावर आला. रसायनशास्त्राचे इंगोले सर. खाटेवर बसून ते तांब्याभर पाणी प्याले आणि भावसिंगला म्हणाले, ‘‘पोरगं मला द्या. नापास ते न्हाई झालं, आमचं शिकवणं नापास झालं.’’

पुढची दोन वर्षं नेमसिंग सरांच्या घरीच राहिला. सर पहाटे चुलीपुढे बसवून शिकवायचे. शेंगदाणे आणि काड्या घेऊन रेणू जोडायचे. मराठीत समजावायचे, मग तेच इंग्रजीत म्हणून घ्यायचे. सखुबाई, सरांच्या पत्नी, शेजारी भाकरी थापत असायच्या. त्या ‘नेमू, शेंगदाणे रेणूसाठी हायेत, खायासाठी न्हाईत,’ म्हणायच्या आणि वर आणखी मूठभर द्यायच्या.

त्या माणसाचं हे पुस्तक. आणि त्यात तो माणूस कुठेच नव्हता. एकही शेंगदाणा नव्हता. मोठमोठी वाक्यं, परदेशी संदर्भांचे ढीग, आणि जिथे मुलं हमखास अडतात तिथे ‘हे उघडच आहे’ म्हणून पुढे गेलेलं.

‘‘चांगलं हाय म्हणून लिहून टाका ना,’’ रात्री जेवताना त्याची बायको रीता म्हणाली. ‘‘म्हातारपणी तेवढाच आनंद त्यांना. कोणाचं काय बिघडतं?’’

‘‘संगिताचं बिघडतं,’’ नेमसिंग म्हणाला.

‘‘मग वाईट हाय म्हणून लिहा. नाव तर कळणार न्हाई.’’

‘‘तेच तर. सर तांड्यावर आले तेव्हा नाव लपवून आले नव्हते.’’

रीताने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी वरण वाढलं. ‘‘मग जाऊन या,’’ एवढंच म्हणाली.

रविवारी तो कुरुंद्याला गेला. निवृत्तीनंतर सर गावी शेतात राहायला आले होते. हळद शिजवण्याचे दिवस होते. मोठ्या कढईतून वाफ निघत होती, तिचा उग्र, मातकट वास सगळ्या शिवारावर पसरला होता. सर कढईजवळ उभे राहून गड्यांना सांगत होते. नेमसिंगच्या हातातलं बाड त्यांनी लांबूनच ओळखलं.

‘‘म्हणजे तुझ्याकडं आलं व्हय!’’ त्यांचा चेहरा उजळला. ‘‘मी प्रकाशकाला इचारलं, तर सांगेना. बरं झालं. ये, बस. अगं, नेमू आलाय!’’

सखुबाईंनी पिठलं-भाकरी केली. जेवण होईपर्यंत नेमसिंगला बोलवेना. सर मात्र उत्साहात होते. कोणतं प्रकरण कोणत्या साली लिहिलं, कोणतं जर्नल पाहायला औरंगाबादला किती खेपा घातल्या, सांगत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, ‘‘हं. मग? कसं वाटलं?’’

‘‘सर, एक ओळ चुकीची न्हाई,’’ नेमसिंग म्हणाला.

‘‘ते मला माहीत हाय. मुलांना कसं वाटंल?’’

नेमसिंगने पाण्याचा घोट घेतला. ‘‘मी वर्गात एक प्रकरण दिलं होतं वाचायला. तुमचं नाव न सांगता. आरशातल्या रेणूंचं. सर... मुलांना न्हाई कळलं. मलाही, मी तुमच्याकडं शिकलेलो म्हणून कळलं. पुस्तकावरून न्हाई.’’

सखुबाई ताटं उचलता उचलता थांबल्या.

‘‘अजून काय म्हणले?’’ सरांचा आवाज खाली गेला होता.

‘‘एक पोरगी हाय, संगिता पवार. ती म्हणाली, हे पुस्तक आमच्याशी बोलून नाही राहिलं. आमच्या मागं कोणीतरी उभं हाय, त्याच्याशी बोलून राहिलंय.’’

सर उठले. बाहेर गेले. कढईतली हळद उतरवून गडी ती अंगणभर पसरत होते. सर कडेला उभे राहिले, वहाणेच्या टोकाने गड्डे उगाच इकडेतिकडे करत. नेमसिंगला वाटलं, आपण उठून निघून जावं. सखुबाई हळूच म्हणाल्या, ‘‘बस. त्यांना येऊ दे. रागावले असते तर मघाच बोलले असते.’’

बऱ्याच वेळाने सर परत आले आणि जोत्यावर बसले.

‘‘पोरगी बराबर बोलली,’’ ते म्हणाले. ‘‘मागं कोण उभं हाय ते सांगू? एका परिसंवादात मोठमोठे प्राध्यापक बसलेले. एकानं मला इचारलं, इंगोले, तुम्ही एवढी वर्षं शिकवता, लिहिलं काय? बाकीचे हसले. तवापासून मी त्या हसणाऱ्यांसाठीच लिवून राहिलो, नेमू. पोरांसाठी लिवतोय असं मला वाटत होतं, इतकंच.’’

‘‘सर, मी अभिप्राय अजून पाठवला न्हाई. तुमी म्हणाल तसं...’’

‘‘म्हणजे काय? हेच लिव. अन् सही करून पाठव.’’ मग बाडावर हात ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘तुझ्या वर्गात मला एक तास देशील का?’’

पुढच्या आठवड्यात सर एस.टी.ने हिंगोलीला आले. नेमसिंगने मुलांना त्यांची ओळख करून दिली, तेव्हा संगिताने मान खाली घातली. सरांनी फळ्यापाशी न जाता तिच्या बाकासमोर खुर्ची ओढली.

‘‘तू व्हय संगिता? कुठं अडलीस, सांग.’’

‘‘पहिल्याच ओळीला, सर,’’ ती चाचरत म्हणाली. ‘‘दोन रेणू समदे सारखे, अणू तेच, जोडणी तीच, तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत न्हाई. असं कसं?’’

सरांनी आपले दोन्ही तळहात समोर धरले. दोन्ही पालथे करून डावा उजव्यावर ठेवून दाखवला, अंगठे विरुद्ध बाजूंना गेले. मुलं बघत होती. कोणी माना हलवल्या, कोणी नाही. तेवढ्यात संगिता म्हणाली, ‘‘सर, विळ्यासारखं का?’’

‘‘कसा विळा?’’

‘‘माझी आई, रूपाबाई, डावखुरी हाय. तिला दुसऱ्याचा विळा चालत न्हाई. धार उलट्या बाजूला पडते, मग कापायच्या ऐवजी ज्वारीच्या ताटावरून घसरून राहतो. लोहाराकडून तिचा वेगळा करून घ्यावा लागतो. दिसायला दोन्ही सारखेच. आरशात धरल्यासारखे.’’

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग वर्गाकडे वळून मोठ्याने म्हणाले, ‘‘ऐकलं का? शरीरात औषधाचंही हेच असतं. एका हाताचा रेणू कापतो, दुसऱ्या हाताचा नुसता घसरतो. पोरी, हे माझ्या पुस्तकात घालू का? तुझ्या आईच्या नावानं?’’

‘‘आईच्या?’’ संगिता गोंधळली. मग हसली. ‘‘घाला ना, सर.’’

त्या दिवसानंतर सर येतच राहिले. आठवड्यातून एखादा दिवस. पिशवीत नव्याने लिहिलेली पानं असायची. आधी ते वाचून दाखवायचे आणि मुलांना सांगायचे, ‘‘जिथं झोप येईल तिथं हात वर करा.’’ पहिल्यांदा मुलं लाजली. मग हात भराभर वर जाऊ लागले. सर तिथेच ओळ खोडायचे. इंग्रजी तशीच राहिली, पण वाक्यं आखूड झाली. ‘हे उघडच आहे’ हे शब्द सगळीकडून गेले. नेमसिंग मागच्या बाकावर बसून ऐकायचा. कितीतरी वर्षांनी त्याला चुलीपुढची पहाट पुन्हा मिळाली होती, आणि ती त्याच्या एकट्याची राहिली नव्हती. एस.टी. स्टँडवर सरांना बसवून परतताना त्याचे डोळे भरून यायचे.

एकदा बसची वाट पाहताना सर म्हणाले, ‘‘नेमू, तू गोड लिवून पाठवलं असतंस, तर पुस्तक तवाच निघालं असतं. अन् लायब्ररीच्या कपाटात उभ्या उभ्या मेलं असतं.’’

‘‘सर, मी लई भीत भीत आलो होतो कुरुंद्याला.’’

‘‘मीबी तुझ्या तांड्यावर भीतच आलो होतो. तुझ्या बापाच्या हातात कोयता होता.’’ आणि ते धाप लागेपर्यंत हसले.

ती धाप हसण्याची नव्हती. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, तेव्हा मुलंच पाळीपाळीने कुरुंद्याला जाऊ लागली. निम्मं पुस्तक झालं होतं. प्रकाशकाने तेवढंच ‘भाग पहिला’ म्हणून छापलं. विद्यापीठाने ते पाठ्यपुस्तक म्हणून कधी लावलं नाही. संदर्भग्रंथांत तळाशी नाव आलं, इतकंच. पण हिंगोलीच्या आणि वसमतच्या मुलांच्या हातात ते दिसायचं. संगिता पहिल्या वर्गात पास झाली, पुढे जवळा बाजार गावी शिक्षिका झाली. तिने एक प्रत आईला नेऊन दिली. वाचता न येणाऱ्या रूपाबाईंनी आपलं नाव कुठे आहे तेवढं विचारून घेतलं आणि त्यावर बोट ठेवलं.

छापलेली प्रत सरांनी पाहिली. दुसऱ्या भागाची दोन प्रकरणं लिहून ते गेले.

सरांचं दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी नेमसिंग कुरुंद्याला गेला. सखुबाई जोत्यावर एकट्याच बसल्या होत्या. पाणी दिलं, चहा दिला. मग आत जाऊन त्या पुस्तक घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर ठेवलं.

‘‘नेमू, एवढा संसार झाला. ह्यांना भाकर वाढली, कपडे धुतले, दिव्यात तेल घातलं. पण हे काय लिवायचे, ते मला कोणी सांगितलं न्हाई. अन् मीबी इचारलं न्हाई. आता सांगशील का?’’

‘‘सगळं, काकू?’’

‘‘मला कुठं जायचंय?’’

नेमसिंगने पहिलं प्रकरण उघडलं. इंग्रजी ओळीवर बोट ठेवून तो मराठीत सांगू लागला. ‘‘कार्बन म्हणजे कोळशातला, साखरेतला, आपल्या अंगातला. त्याला चार हात असतात, काकू. चारी हातांनी तो दुसऱ्यांना धरून असतो.’’

‘‘चार,’’ सखुबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘‘अन् एखादा हात सुटला तर?’’

नेमसिंग थबकला. वर्गात हा प्रश्न यायला कितीतरी तास लागत.

‘‘सुटतो कधी कधी. ज्याला धरलेलं असतं तो दोघांच्या वाट्याचं समदं घेऊन निघून जातो. मग कार्बन लई अधू होतो. एकटा असला तर टिकत न्हाई.’’

‘‘मग?’’

‘‘शेजारी दुसरे कार्बन असले, तर ते आपल्याकडचं थोडं थोडं त्याच्याकडं सरकवतात. जितके शेजारी जास्त, तितका तो तग धरतो.’’

‘‘हे ह्यांनी लिवलंय?’’

‘‘व्हय, काकू. हे बघा, इथं.’’

त्या ओळीकडे सखुबाई बराच वेळ पाहत राहिल्या. अंगणात वाळत घातलेल्या हळदीवर चिमण्या उतरल्या होत्या, पण सखुबाईंनी त्यांना हाकललं नाही. मग त्यांनी स्वतःच पान उलटलं, तळहाताने दाबून सपाट केलं.

‘‘पुढं सांग,’’ त्या म्हणाल्या.