एकट्या आलेल्या दोघी

पासपोर्टचं फोटोचं पान सहजासहजी फाटत नाही. बाकीची पानं वहीच्या कागदासारखी सुटतात, पण फोटोचं पान प्लॅस्टिकचं असतं. ते एकाच रेषेवर मागे-पुढे दुमडत राहावं लागतं, मग रेष पांढरी पडते आणि शेवटी तडकते. विमानाच्या टॉयलेटमध्ये उभ्या असलेल्या सुनेला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. तिने आधी स्वतःचं पान तोडलं, मग सासूचं. मधेच कोणीतरी बाहेरून दार वाजवलं. तुकडे खेचले गेले तरी तिने बटण पुन्हा दाबलं, आणि बाहेर आल्यावर जागेवर न जाता शेवटच्या रांगेपर्यंत उगाच एक फेरी मारली.

निघताना, त्यांना देशाबाहेर पाठवणाऱ्या दलालाने दोघींकडून सगळं घोकून घेतलं होतं.

"उतरल्यावर एकमेकींना ओळखायचं नाही. लगेच तपासणीच्या काउंटरवर जायचं नाही. आणखी विमानं उतरू देत, गर्दी मिसळू दे. तुम्ही कुठल्या विमानाने आलात हे कळलं, की त्याच कंपनीच्या विमानात बसवून परत धाडतात. कळलंच नाही, तर धाडणार कुठे? मग निवांत ऐकून घेतात. आणि एकत्र सापडलात तर एकीच्या मागे दुसरीही जाईल."

"म्हणजे मी हिच्याशी बोलायचंच नाही?" सासूने विचारलं होतं.

"अजिबात नाही."

"मग जमेल. घरी तरी कुठे ही माझ्याशी सरळ बोलते?"

प्रत्यक्षात ते सासूलाच जमेना. उतरल्यापासून सून एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जात होती. फार वेळ एका जागी बसलं की माणूस नजरेत भरतो, असं तिचं गणित होतं. खरं म्हणजे तिच्याच्याने बसवत नव्हतं. सरकत्या पट्ट्यावरून एकदा जाऊन ती बाजूने चालत परत आली. खिडकीशी उभी राहिली. पाणी प्यायली, पुन्हा प्यायली. शेवटी एका रिकाम्या रांगेत टेकली, तर पाठीला पाठ लावलेल्या मागच्या बाकावर कोणीतरी येऊन बसलं.

"पोक काढून बसू नकोस. चोरासारखी दिसतेस."

"आई, उठा इथून."

"मी कुठे तुझ्याशी बोलतेय? मी बाकाशी बोलतेय." थोड्या वेळाने बाकाच्या फटीतून अर्धा पाव पुढे आला. "खा. विमानातला आहे. तू झोपली होतीस, तुझा वाटाही मीच ठेवला."

"कागद टाकलात ना त्याचा?"

"टाकला गं बाई. आता खा, आणि भिंगरीसारखी फिरू नकोस. माझे डोळे दुखले तुझ्यामागे फिरून."

भिंगरी हे सासूनेच ठेवलेलं नाव. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ठेवलं होतं, आणि नवराही गमतीने तेच वापरायचा.

नवरा वीजकेंद्रात कामाला होता आणि संपात पुढे होता. एका संध्याकाळी तिघेजण आले आणि त्याला घेऊन गेले. त्यातल्या एकाला सासूने ओळखलं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कारकुनाचा मोठा मुलगा. "अरे, तुला मी कडेवर घेऊन फिरलेय," असं ती त्याला दारातच म्हणाली. जाताना तो वळून म्हणाला, "म्हातारे, आता तुझी पाळी." दुसऱ्या दिवशी सासूने पोलीस ठाण्यात जाऊन त्याचं नाव सांगितलं. ती घरी पोचायच्या आधीच ठाण्यातून ती बातमी त्या मुलापर्यंत पोचली होती. नवऱ्याचा ठावठिकाणा लागला नाही, आणि घरासमोर रोज एक गाडी उभी राहू लागली.

म्हणून परत जाणं सुनेला जड गेलं असतं, पण सासूला ते शक्यच नव्हतं. तिला तिथल्या विमानतळाच्या दारातच उचललं असतं.

हॉल पुरेसा भरल्यावर आधी सून काउंटरवर गेली. आश्रय हवा आहे, एवढं वाक्य तिने इथल्या भाषेत पाठ केलं होतं. तिला आतल्या खोलीत नेलं. टेबलापलीकडे अधिकारी आणि बाजूला दुभाषीबाई. दुभाषीबाईंचं बोलणं ऐकून सुनेला हायसं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. आपल्या भाषेत खोटं बोलणं जास्त अवघड.

"नवऱ्याला नेलं त्या वेळी घरात आणखी कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटीच होते."

"कुठल्या विमानाने आलात?"

"आठवत नाही."

अधिकाऱ्याला हे उत्तर नवीन नसावं. त्याने टंकलं आणि तिला पलीकडच्या काचेच्या खोलीत बसायला सांगितलं. शहरातल्या निवाऱ्याकडे नेणारी गाडी दुपारनंतर येणार होती. म्हणजे दलालाचं म्हणणं खरं ठरलं होतं.

मग सासू आत गेली. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. सासू ताठ बसून बोलत होती. नंतर रक्षकाने तिची पिशवी टेबलावर रिकामी केली, आणि सून उठून उभी राहिली.

साखरेच्या पुड्या. मिठाच्या, मिऱ्याच्या पुड्या. ओले रुमाल. प्लॅस्टिकचे चमचे, न उघडलेले. सगळ्यांवर तोच निळा पक्षी, जो विमानाच्या शेपटीवर होता. पावाचा कागद तिने सांगितल्याप्रमाणे टाकला होता, कारण तो वापरलेला होता. सुतळीचे तुकडे आणि रिकाम्या बरण्या जपणाऱ्या बाईच्या हातून कोरी साखर टाकली जाणं शक्यच नव्हतं. सूनही हे ओळखून होती. तिनेच पिशवी बघायला हवी होती.

अधिकाऱ्याने एक पुडी उलटसुलट करून पाहिली आणि फोन उचलला.

सून काचेच्या खोलीत फेऱ्या घालू लागली. दार, खिडकी, कुंडी, पुन्हा दार. बऱ्याच वेळाने दुभाषीबाई बाटलीत पाणी भरायला आल्या.

"त्या म्हाताऱ्या बाईंचं काय झालं?" सुनेने शक्य तितक्या सहज विचारलं.

"ओळखता तुम्ही त्यांना?"

"नाही."

दुभाषीबाईंनी बाटलीचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही म्हणून पुन्हा काढून लावलं. "संध्याकाळच्या विमानाने परत. विमान कळलंय. आणि त्यांचं म्हणणं साहेबांना पटलं नाही. दारात कोणी धमकी दिली म्हणतात, पण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं म्हणतात." जाता जाता त्या थांबल्या. "हे बोलायची मला परवानगी नाही. मी बोललेलं इकडचं तिकडे पोचवते. जे कोणी बोललंच नाही, ते मला पोचवता येत नाही."

थोड्याच वेळात रक्षकाने दार उघडलं. निवाऱ्याची गाडी आली होती. सून दारापर्यंत गेली, परत फिरली, बाकावरचं जॅकेट उचललं, पुन्हा दारापर्यंत गेली. रक्षक दार धरून उभा होता. ती त्याच्या बाजूने निघाली आणि चौकशीच्या खोलीचं दार वाजवलं.

"माझं सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "ती माझी सासू आहे. आम्ही एकाच विमानाने आलो. पासपोर्ट मी फाडले, दोन्ही."

दुभाषीबाईंनी ते न अडखळता पोचवलं. अधिकाऱ्याने सासूला पुन्हा बोलावलं.

"ही बाई तुमची कोण?"

सासूने सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोण जाणे. मी हिला जन्मात पाहिलेलं नाही."

"आई, पुरे आता."

"आई कोणाला म्हणतेस? हल्ली कोणीही उठतं आणि आई म्हणतं." सासू दुभाषीबाईंकडे वळली. "साहेबांना सांगा, पोरीचं डोकं फिरलंय. बाहेर तिची गाडी उभी आहे, तिला जाऊ द्या."

"तिची गाडी उभी आहे हे तुम्हाला कसं कळलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दिसतं मला. मोतीबिंदू एकाच डोळ्यात आहे."

"डाव्या," सून म्हणाली.

"उजव्या."

"उजव्याचं ऑपरेशन झालं. थेंब मीच घालत होते, आणि तुम्ही दर वेळी नेमका डोळा मिटायचात."

"मिटायचे? तू गालावर घालायचीस थेंब. अर्धी बाटली माझ्या उशीने प्यायली."

दुभाषीबाईंनी गालाचं, उशीचं, सगळं पोचवलं, आणि ते पोचवताना त्या टेबलाच्या कडेकडे पाहत होत्या. आपण बोलून सापडलो, हे सासूच्या लक्षात आलं.

अधिकारी सुनेला सावकाश म्हणाला, "तुम्ही एकत्र आहात असं धरलं, तर ते विमान तुम्हालाही लागू होतं. तुम्हालाही परत पाठवू शकतात. शब्द मागे घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या."

"घे मागे," सासू म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "भिंगरे, एकदा तरी ऐक माझं."

सून खुर्चीवर बसली. "दारात आम्ही दोघी होतो," तिने सुरुवात केली. "माणसं दोन होती—"

"तीन. तिसरा पायरीखाली होता."

"तीन. एकाला ह्यांनी ओळखलं. जाताना त्याने ह्यांना धमकी दिली, ती ऐकायला मी होते."

अधिकाऱ्याने पुन्हा फोन केला, या वेळी बराच वेळ बोलला. संध्याकाळच्या विमानात आता कोणी जाणार नव्हतं. निवाऱ्याची गाडीही रिकामीच गेली. उद्या दुसरे अधिकारी दोघींना वेगवेगळं बसवून सगळं पहिल्यापासून विचारणार होते, आणि निर्णय त्यांचा. तोपर्यंत दोघींना इमारतीतल्याच एका खोलीत ठेवलं. दोन पलंग, एक टेबल, न उघडणारी खिडकी.

सासू एका पलंगावर टेकली. मग म्हणाली, "निवाऱ्यात गेली असतीस."

"हो."

"आता माझ्यामुळे तूही जाशील."

"जाऊ मग. तुम्हाला विमानातलं जेवण आवडलंय ना?"

"फाजीलपणा नको." सासू पलंगाच्या कडेला सरकली. "उद्या विचारतील ते आत्ताच पाहून घेऊ. तो कारकुनाचा मुलगा दारात आला, तेव्हा बाहेरचा दिवा लागला नव्हता ना?"

"लागला होता की. म्हणून तर तुम्हाला तोंड दिसलं."

"दिवा नव्हता. मी त्याला आवाजावरून ओळखलं."

"आई, दिवा मीच लावला होता."

"तू नंतर लावलास. ते गेल्यावर."

सुनेने डोळे मिटून ते दार आठवून पाहिलं. बटणावरचा स्वतःचा हात तिला स्पष्ट दिसत होता. तो त्यांच्या आधीचा की नंतरचा, ते दिसत नव्हतं.

"दिवा होता असंच दोघी सांगू," सासू म्हणाली.

"घोकलेलं नको आता. तुम्हाला आठवतं ते तुम्ही सांगा, मला आठवतं ते मी."

"आणि जुळलं नाही तर?"

सून उठून खिडकीपर्यंत गेली होती. तिथून ती वळली, दारापर्यंत आली, आणि पुन्हा खिडकीकडे निघाली.